जुन्या पंख्याची घरघर

दिंद्रुड गावाच्या आसपास सुरेखाचा आवाज ज्याने ऐकला नाही असा माणूस शोधायला निघालात, तर हाती लागेल तो बहिराच असेल. साड्यांचा सेल असो, डोळ्यांचं शिबिर असो की नव्या हॉटेलचं उद्घाटन, जीपवर कर्णा चढला की त्यातून सुरेखाच बोलायची. ‘तमाम माता-भगिनींना कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की...’ एवढं कानावर पडलं की धारूरच्या बाजारात कोथिंबीर निवडणारी बाईसुद्धा मान वर करायची. आणि गंमत अशी, की हीच सुरेखा त्याच बाजारात कोथिंबिरीचा भाव करायला उभी राहिली, तर तिला कुणी ओळखायचं नाही. कारण तो आवाज वेगळा होता. कर्ण्यातला आवाज उंच, गोड, इस्त्री केलेला. घरातला आवाज खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत, आणि वाक्य संपता संपता आत कुठंतरी हसू दाबल्यासारखा. हा दुसरा आवाज घरच्यांच्याच वाट्याचा होता.

घरचे म्हणजे नवरा रामेश्वर. एकुलती एक मुलगी दीपमाला, ती लग्न होऊन पुण्याला गेलेली. घराच्या पुढच्या खोलीत रामेश्वरचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. भिंतींना गाद्यांचा फोम, खिडकीला जाड गोधडी, टेबलावर माईक आणि टेबलाखाली कॉम्प्युटर. जाहिराती करायच्या आणि लग्नाचे व्हिडिओ जोडायचे, हा धंदा. कामाची त्याची एक पद्धत होती. बटण दाबून तो बोट वर करायचा. सुरेखा खाकरायची, पदर सावरायची, ‘अहो, डाळ टाकलीय शिजायला, लवकर उरका,’ असं काहीतरी बोलायची, आणि मग एकदम सूर बदलून माता-भगिनींना हाक घालायची. नंतर रामेश्वर त्या रेकॉर्डिंगचं डोकं आणि शेपूट छाटून टाकायचा. खाकरणं, हसणं, डाळ, सगळं. त्याला तो ‘कचरा’ म्हणायचा. रोजचा कचरा रोज काढायची त्याला शिस्त होती, आणि त्या शिस्तीचा अभिमानही होता.

मग गेल्या हिवाळ्यात सुरेखाचा घसा बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, तेलगावच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. घसा काही उठेना. शेवटी मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तेव्हा कळलं की स्वरयंत्रावर गाठ आहे आणि ती चांगली नाही. बाई वाचवायची तर स्वरयंत्रच काढावं लागेल.

“म्हंजे बोलता येणार न्हाई?” रामेश्वरने विचारलं.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, पुढे बोलायच्या दुसऱ्या तऱ्हा शिकता येतात, गळ्याला लावायचं यंत्रही मिळतं. पण हा आवाज राहणार नाही. पलंग रिकामा झाला की फोन करू, तयारीत राहा. सुरेखा तोवर मांडीवरच्या पिशवीचे बंद एकमेकांत गुंफत बसली होती. 

येताना एसटीत रामेश्वरच्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि रुतून बसली. हिचा आवाज भरून ठेवायचा. घरी आल्यावर त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत, तसाच कॉम्प्युटरपुढे बसला. आधीचं काय काय आहे ते बघू म्हणून एकेक फाईल उघडायला लागला. साड्या होत्या, शिबिरं होती, बैलबाजार होता. सगळीकडे ती इस्त्रीची सुरेखा. घरची सुरेखा एकाही फाईलमध्ये नव्हती. दीपमालेच्या लग्नाचा व्हिडिओ लावला, तर त्यात सुरेखा जागोजागी बोलताना दिसत होती, ओठ हलत होते, हात हलत होते, पण वरून गाणं. ते गाणं त्यानेच घातलं होतं, आणि खालचा आवाज त्यानेच पुसला होता. मोबाईलवर आवाज पाठवायची तर तिला सवयच नव्हती. ‘फुकट आवाज न्हाई माजा,’ असं म्हणून ती लेकीला नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवायची.

जन्मभर आवाजाचा धंदा केला आणि बायकोचा आवाज घरात नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रामेश्वर त्या खुर्चीत रडला. चांगला हुंदके देऊन रडला, आणि मग तोंड धुऊन स्वयंपाकघरात गेला.

“दीपमालेसाठी तुजा आवाज भरून ठिवू,” तो म्हणाला.

“दीपमालेसाठी?” सुरेखा म्हणाली. तिने त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं. “बरं. दीपमालेसाठी.”

पण बसल्यावर भलतीच अडचण निघाली. सुरेखाचा आवाज आता एवढा खाली गेला होता की माईकची घुंडी पार वरपर्यंत पिळावी लागे. आणि घुंडी पिळली की टेबलाखालच्या कॉम्प्युटरचा पंखा तिच्या आवाजावर चढून बसे. कॉम्प्युटरचा जो मेंदू असतो, प्रोसेसर म्हणतात तो, काम करताना तापतो, आणि त्याला गार ठेवायला त्याच्या डोक्यावर एक पंखा असतो. रामेश्वरचा पंखा जुना होता. त्यात उन्हाळा. पत्र्याखालच्या त्या खोलीत तो गिरणीसारखा घरघरायचा. इतकी वर्षं ते कधी जाणवलं नव्हतं, कारण जाहिरातीखाली ढोलकी-सनई घातली की घरघर ऐकू येईनाशी व्हायची. आता ढोलकी घालायची नव्हती.

“मोबाईलवर घ्या की,” सुरेखा म्हणाली. “कुटं बी बसून बोलते.”

रामेश्वरचा चेहरा असा झाला, की जणू आचाऱ्याला कुणी सांगितलं, लेकीच्या लग्नात बाहेरून वडापाव मागव. “मोबाईलवर?” तो म्हणाला. “तुजा आवाज मी मोबाईलवर घेऊ? मंग हे दुकान कशाला मांडलंय मी?”

प्रेम होतं, खोटं कशाला बोला. पण प्रेमाच्या अंगावर धंद्याचा माज चढला होता, आणि माजाला घाई कळत नाही. त्याने त्याच संध्याकाळी बीडला गुफरानला फोन लावला.

गुफरानचं बीडच्या स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. रामेश्वरची आणि त्याची दोस्ती जुनी, दोघं एकाच क्लासला कॉम्प्युटर शिकले होते. गुफरानचा एक हट्ट होता. कुठलाही माल आधी स्वतः लावून, तापवून, छळून बघायचा आणि मगच गिऱ्हाइकाला सांगायचा. दोन दिवसांनी तो एसटीतून उतरला तो एक मोठं खोकं लेकरासारखं छातीशी धरून.

“भाभी, सलाम,” तो सुरेखाला म्हणाला. “घाबरू नका, टीव्ही न्हाई हे. कॉम्प्युटरचा कूलर हाय.”

“एवढा?” सुरेखा घोगऱ्या आवाजात म्हणाली. “माणूस बसंल की ह्यात.”

खोक्यातून निघालं ते धूड खरंच बघण्यासारखं होतं. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे दोन मनोरे शेजारीशेजारी, त्यांच्यातून वर गेलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि दोन पंखे, एकेक पंखा जेवायच्या ताटलीएवढा. गुफरानने सगळं टेबलावर मांडलं आणि वर्गात शिकवल्यागत सुरू झाला. लहान पंख्याला वारा द्यायला जिवाच्या आकांतानं पळावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मोठा पंखा सावकाश फिरला तरी तेवढाच वारा देतो. नळ्यांनी उष्णता वर ओढायची, पत्र्यांवर पसरायची आणि पंख्यांनी हळूच उडवून द्यायची. “मोठ्या माणसासारखा हाय बग,” तो म्हणाला. “काम तेवढंच करतो, पर बोंबलत न्हाई.”

“मंग आमच्या घरात एवढाच मोठा माणूस,” सुरेखा म्हणाली, आणि तिघंही हसले. तेव्हा अजून हसता येत होतं.

बसवायला लागले आणि पहिली खोट निघाली. कूलर उंच, कॉम्प्युटरचा डबा अरुंद. बाजूचं झाकण काही केल्या लागेना. आतल्या एका पट्टीला एक पंखा टेकत होता, तो जरा वर सरकवावा लागला. शेवटी गुफरानने झाकण भिंतीला उभं करून ठेवलं आणि म्हणाला, “उघडाच राहू दे. ह्या वजनानं बोर्ड वाकू नये मनून डबा तेवढा आडवा निजव. आता बगू, खराच गुणी हाय का नुसता अंगानं मोठा.”

त्याची परीक्षा म्हणजे चेष्टा नव्हती. तुलना करायची म्हणून त्याने आधी जुना पंखा परत चढवला. एका लांबलचक लग्नाचा व्हिडिओ तयार करायला लावला, म्हणजे प्रोसेसर पुरता तापेल. छताचा पंखा बंद केला, मोबाईल बंद केले, माईकची घुंडी वर नेली, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि दोघं दार लावून बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. खोलीत श्वाससुद्धा नको, नुसता पंखा भरला पाहिजे. थोड्या वेळाने दोघं आत गेले, तर टेबलावर दोन कप चहा, साय धरलेला, पार गार. मधल्या दाराने सुरेखा कधी येऊन गेली, कुणाला पत्ता नाही.

रामेश्वरने पडद्यावर आवाजाची आकृती बघितली. या धंद्यातली माणसं आवाज ऐकत नाहीत, बघतात. काळी जाड पट्टी सलग गेलेली, तो पंखा. आणि मध्ये एका जागी बारीकसे कोंब.

“मधी काई कचरा आलाय,” रामेश्वर म्हणाला आणि सवयीनं छाटायला गेला.

“ठिव बे तसंच,” गुफरान म्हणाला. “मला गिऱ्हाइकाला दाखवायला पायजे. जुना किती ओरडत होता ते दिसू दे.” त्याने फाईलला ‘जुना पंखा’ असं नाव दिलं आणि बाजूला ठेवून दिली. ऐकण्यासारखं त्यात होतं काय? पंख्याची घरघर कोण ऐकतं?

मग नवा कूलर चढला. तेच लग्न, तीच खोली, तोच लिंब. यावेळी परत येऊन बघितलं तर काळी पट्टी जाऊन सुताएवढी रेघ राहिली होती. उष्णता मोजली, तर जुन्या पंख्याखाली प्रोसेसर नव्वद अंशांना टेकत होता, तो आता साठीच्या आसपास रेंगाळत होता. गुफरानने उकरून उकरून दोष शोधले. अवजड आहे. झाकण बसत नाही. धूळ पत्र्यांत अडकेल, ब्रशनं काढावी लागेल. “पर शांततेला तोड न्हाई,” तो म्हणाला. “चालू हाय का बंद, हात लावल्याबिगर कळत न्हाई. ठिवून घे. न्हाई पटला तर मी परत घेऊन जातो, दोस्तीत काय.”

गुफरान जुना पंखा पिशवीत घालून गेल्यावर रामेश्वरने सुरेखाला माईकपुढे बसवलं. खोली विहिरीच्या तळासारखी शांत. त्याने बटण दाबलं आणि बोट वर केलं.

सुरेखा खाकरली. पदर सावरला. आणि बोलली, “दीपमाला... तुला कळविण्यात येते की...”

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग सुरेखा हसली, रामेश्वर हसला, आणि त्याने पुन्हा बोट वर केलं. पुन्हा तोच सूर. गळ्यात गाठ, आवाज फाटलेला, तरी तो वर चढून इस्त्री करून घ्यायचा. ‘प्रिय दीपमाला, आपली प्रकृती उत्तम असेल, अशी आशा करते.’ असं कधी ती लेकीशी बोलली होती का? पण माईक दिसला आणि बोट वर झालं की तिच्यातली ती दुसरी बाईच उठून यायची. किती वर्षं त्याच खुर्चीत, त्याच बोटाखाली ती बोलत आली होती. तो बोट वर करणं सोडून देई, तर तिचे डोळे बोट शोधत. असं तीनदा झालं आणि चौथ्या वेळी ती हसली नाही, रडायला लागली.

“मला ह्याच्यापुढं माजं बोलता येत न्हाई वो,” ती म्हणाली.

“मंग कुटं येतं?”

“सैपाकघरात.”

रामेश्वर माईक उचलून स्वयंपाकघराकडे निघाला. उंबऱ्यापाशी वायर ताठ झाली. दोन हात कमी पडली. त्याने ओढून बघितलं, टेबल सरकवून बघितलं. सुरेखा चुलीपाशी जाऊन बसली होती, तिथून म्हणाली, “मोबाईल घ्या की आता तरी.”

“उद्या माजलगावहून लांब वायर आणतो,” रामेश्वर म्हणाला. “येवढं केलंय तर नीट करू.”

तिने मान हलवली. तिने आयुष्यभर त्याच्या ‘नीट करू’ला मान हलवली होती.

रामेश्वर सकाळी माजलगावच्या जीपमध्ये बसला आणि फोन आला. पलंग रिकामा झालाय, आजच या. त्याने वायर घेतली नाही. परत फिरला, पिशव्या भरल्या, दीपमालेला कळवलं. दवाखान्यात तपासण्यांच्या रांगेत, माणसांच्या गर्दीत, सुरेखाचा आवाज बसत बसत नुसती हवा उरली. त्याने तिथे मोबाईल काढला होता. अगदी शेवटी, तिला आत नेण्याआधी. तोंडाशी धरला. तिचे ओठ हलले, पण मोबाईलमध्ये भरलं ते शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीचं कण्हणं आणि चाकांच्या ढकलगाडीचा खडखडाट. वरातीमागून घोडं.

सुरेखा वाचली. हे आधी सांगायला हवं, कारण देवाचे आभार मानायचे ते तेवढ्यासाठीच. तिच्या गळ्याच्या खाली आता एक भोक होतं. त्यातून ती श्वास घ्यायची आणि त्यावर दीपमालेने शिवलेला मऊ सुती रुमाल बांधायची. यंत्र गळ्याला लावून बघितलं होतं. त्यातून निघालेला पत्र्याचा आवाज ऐकून तिने ते पेटीत घातलं आणि पेटी कपाटात ठेवली. नंतर बघू, असं हातानेच सांगितलं. दीपमाला महिनाभर राहिली आणि गेली.

मग घरात दोघं उरले. सुरेखा बोलवायची ती टिचकी वाजवून, नाहीतर बोटातली अंगठी भांड्यावर आपटून. कामं तशी अडत नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात मीठ कमी की जास्त, हे सांगायला आवाज लागत नाही.

धंदाही चालू राहिला, आणि ते जास्त वाईट होतं. गिऱ्हाइकांना ताईंचाच आवाज हवा असायचा. रामेश्वर जुन्या जाहिरातींतले तुकडे काढून जोडायचा. सेलचं वाक्य इथलं, तारीख तिथली. एकदा सुरेखा ओट्यावर शेंगा सोलत बसली होती आणि गल्लीतून जीप गेली. ‘तमाम माता-भगिनींना कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की...’ गल्ली दणाणून गेली. सुरेखाच्या हातातली शेंग तशीच राहिली. जीप वळणाआड जाईपर्यंत ती ऐकत राहिली आणि मग आत येऊन तिने दाराला कडी घातली. रामेश्वरने त्या दिवसापासून तुकडे जोडणं बंद केलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, ताईंचा आवाज आता मिळणार नाही.

त्यानंतर खोलीत काम कमी आणि बसणं जास्त झालं. आणि मग त्याला ती शांतता खायला लागली. छताचा पंखा बंद, खिडकीला गोधडी, आणि टेबलाखाली ते गुणी धूड, चालू असून नसल्यासारखं. ज्या आवाजासाठी एवढी शांतता विकत आणली, तो आवाज आला नाही. शांतता तेवढी राहिली. बायको गप्प, यंत्र गप्प. पूर्वी निदान काहीतरी घरघरायचं, माणूस एकटा नाही असं वाटायचं. एका दुपारी त्याला ते सहन होईना. त्याने गुफरानला फोन केला.

“तुजा कूलर घेऊन जा. जुना पंखा बसव परत.”

“कावून? तापायलाय का?”

“न्हाई.”

“मंग? आवाज करायलाय?”

रामेश्वरने टेबलाखालच्या डब्याला हात लावून बघितला. मग म्हणाला, “लई शांत हाय रे.”

गुफरान दुसऱ्या दिवशीच आला. पेचकस, जुना पंखा, प्रोसेसरला लावायच्या पेस्टची नळी, सगळं घेऊन. सुरेखाला त्याने सलाम केला. तिने हात जोडले, बोटाने कपाचा आकार करून विचारलं, आणि चहा ठेवायला आत गेली. गुफरान डब्यापाशी उकिडवा बसला, पण त्याने पेचकस काही लावला नाही.

“रामेश्वर, तू दुःखात बोलायलास,” तो म्हणाला. “ह्या मालात खोट न्हाई. जुना पंखा कसा ओरडत होता, इसरलास तू. आदी ऐक एकदा. मंग मन, बसव. मी गप बसवतो.”

तो उठला, फाईल शोधली, ‘जुना पंखा’, आणि स्पीकरचा आवाज वाढवून लावली.

खोली घरघरीनं भरली. रामेश्वरने डोळे मिटले. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. ओळखीचा आवाज, गेलेल्या दिवसांतला. गुफरान तोंड वाकडं करून म्हणत होता, “बग, बग कसा...” आणि तेवढ्यात घरघरीच्या आतून दार करकरलं.

“अहो.”

गुफरान स्पीकरकडे वाकला.

“अहो... ऐकलं का... कुटं गेले बया हे?” कपबशी टेबलावर टेकल्याचा आवाज आला. “चहा ठिवलाय. गार झाला मनून परत बोंबलू नगा.” मग नुसती घरघर. वाटलं, संपलं. पण ती अजून खोलीतच होती. रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहून, घोगऱ्या आवाजात, कुणालाच नाही असं म्हणाली, “किती वर्सं झाली हाका मारायले. ह्या घरघरीत तुमाला माजी हाक कदी ऐकूच येत न्हाई बगा.” आणि शेवटी आतल्या आत दाबलेलं ते हसू. मग दार करकरलं आणि पंखाच राहिला.

तीच होती. खालच्या पट्टीतली, खरखरीत, घरची. ना बोट वर, ना माता-भगिनी. रामेश्वरने वायरीसाठी माजलगावची वाट धरली, बीडहून कूलर आणला, आणि ती या टेबलाखालच्या डब्यात, त्याच्या पायापाशी होती. ज्या कोंबांना तो कचरा म्हणाला होता, त्यात. गुफरानने ‘ठिव बे’ म्हटलं नसतं तर आज तेवढंही नसतं.

रामेश्वरने तोंडावर हात धरला आणि तो वाकून रडायला लागला. आवाज सापडला म्हणून तर रडलाच. पण त्याहून त्या वाक्यासाठी रडला. कानाला हेडफोन, पायाशी घरघर, आणि मागे दारात ती. किती दुपारी ती तशी उभी राहून हाका मारून परत गेली असेल, याचा हिशेब कुठल्याच फाईलमध्ये नव्हता. आणि तोच पंखा तो आज परत बसवायला निघाला होता.

फाईल संपली. खोली पुन्हा शांत झाली, मोठा कूलर नेहमीसारखा गप्प.

त्या शांततेत मागे दारापाशी बारीकसा आवाज झाला. स्टीलच्या पेल्यावर अंगठी वाजली. एकदाच, हळू.

रामेश्वरने लगेच मान वळवली. सुरेखा उभी होती, ताटलीत दोन पेले घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि गळ्यावरचा रुमाल श्वासाने हलत होता, आणि खोली एवढी शांत होती की तो श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिने रामेश्वरकडे बघितलं, मग टेबलाखालच्या त्या उघड्या डब्याकडे, आणि मान नकारार्थी हलवली.

“जुना पंखा परत घेऊन जा,” रामेश्वर गुफरानला म्हणाला. “हा राहू दे.”

गुफरानने पेचकस पिशवीत टाकला. रामेश्वर उठला, सुरेखाच्या हातातली ताटली घेतली आणि उभ्या उभ्याच चहाचा घोट घेतला. चहा गरम होता.